गाडीवरचा तो मीच

...आणि मी म्हणालो तरी काय होतो? फक्त एवढंच, की 'जरा पुढे सरकता का?' बास! ब्रेडच्या दुकानासमोर रांग, माझा नंबर सातवा, पुढचे गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून उभे, रांग पुढे गेली तरी हे जागचे हलेनात, म्हणून मी आपला सभ्यपणे, बेताच्या आवाजात म्हटलं, 'जरा पुढे सरकता का?' तर तुम्हाला सांगतो, त्यांच्या अंगावर कुणी बर्फाचं पाणी टाकावं तसे ते दचकले, गर्रकन वळले, माझ्याकडे बघितलं आणि ओरडले, 'अरे, हा तोच!' मागची बाई म्हणाली, 'कोण तोच?' 'गाडीवरचा!' झालं! दोन मिनिटांत रांग साफ. एक आजोबा तर पिशवी तिथेच टाकून गेले. दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं आणि त्या फटीतून मला विचारतो, 'आता परत काय बंद करताय साहेब?' अहो, मी काय बंद करणार? माझ्या घरचा गळका नळ मला चार वर्षं बंद करता आलेला नाही! आवाज माझा होता हो, आदेश माझा नव्हता!

पण ऐकतो कोण? साथ गेली, शहर उघडलं, सगळं माफ झालं सगळ्यांना. जास्त भावाने तोंडाला लावायची फडकी विकणारे माफ, खोटे पास काढून सासुरवाडीला जाऊन आलेले माफ, मी एकटा तेवढा अजून तुरुंगाधिकारी!

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो. मी पालिकेच्या दिवेखात्यात कारकून. रस्त्यावरचे दिवे. दिवा गेला की लोक फोन करतात, तो फोन मी उचलतो. बावीस वर्षं हेच. 'नमस्कार, दिवेखातं, खांबाचा क्रमांक सांगा.' आता खांबाचा क्रमांक कुणाला पाठ असतो? मला माझ्या बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही! मग लोक चिडतात, ओरडतात, आमच्या खानदानाचा उद्धार करतात, आणि सगळं बोलून झालं की मी शांतपणे म्हणतो, 'तक्रार नोंदवली आहे.' तुम्हाला सांगतो, त्या 'नोंदवली आहे'मध्ये काय आहे कोण जाणे, पण पलीकडचा माणूस एकदम गप्प होतो. त्याला आतून कळतं की आता जे आहे ते असंच असणार आहे. तो निमूट फोन ठेवतो. बॅटरी घेऊन जिना चढायला शिकतो.

तर साथ आली, वरून आदेश आला, शहर बंद. आणि ते लोकांना सांगायचं कसं? पालिकेचा ठरलेला एक घोषणावाला होता, काय त्याचा आवाज! भारदस्त! नुसतं 'बंधूंनो' म्हणाला तरी काचा हलायच्या. तो नेमका बहिणीकडे दुसऱ्या गावाला गेलेला, तिकडेच अडकला. आता? आणि त्याच संध्याकाळी आमच्या मोठ्या साहेबांच्या दारातला दिवा गेला. साहेबांनी रीतसर फोन केला, मी उचलला, कोण बोलतंय मला काय माहीत, मी आपला नेहमीसारखा, 'तक्रार नोंदवली आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं! मला वाटलं, गेली नोकरी. साहेब प्लॅस्टिकच्या पडद्यामागे बसलेले, पडद्यातून असे मत्स्यालयातल्यासारखे दिसत होते. म्हणाले, 'काल तुमचा आवाज ऐकला. माणसाची सगळी उमेदच संपते हो!' मी म्हटलं, 'साहेब, चूक झाली, पुन्हा...' म्हणाले, 'छे छे! मला नेमकं हेच पाहिजे! बाहेर पडावंसंच वाटता कामा नये!'

म्हणजे बघा, माझी निवड झाली ती अशी. कौतुक म्हणावं की काय म्हणावं?

ध्वनिमुद्रण कुठे? जुन्या फायलींच्या खोलीत. तिथे आवाज घुमत नाही म्हणे. हातात साहेबांचा मोबाइल, डोक्यावर ब्लँकेट, ब्लँकेटच्या आत बॅटरी आणि कागद, आणि चहूबाजूंनी चाळीस वर्षांची धूळ! मी सुरू केलं, 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, नागरिकांनी अजिबात घाबरून जाऊ... आक्छी!' ब्लँकेट बाजूला करून बघतो तर खोलीत कुणी नाही! साहेब नाहीत, त्यांचा शिपाई नाही, बाहेर पॅसेजमध्ये माणूस नाही. घाबरून जाऊ नका म्हणून सांगत होतो आणि अख्खा मजला घाबरून गेला! सात वेळा केलं तेव्हा एक बिनशिंकेचं जमलं. शेवटचं वाक्य होतं, 'पुढील आदेश होईपर्यंत कोणीही घराबाहेर पडू नये.' ते मी असं म्हटलं, असं म्हटलं, की साहेब पडद्यामागून म्हणाले, 'वा! मलाच घरी जावंसं वाटायला लागलं.'

आता गाडी. सगळ्या गाड्या कामाला लागलेल्या, उरली एकच, कुत्री पकडायची. मागे जाळी, वर कर्णा बसवला. ड्रायव्हरला आम्ही सगळे सायलेन्सर म्हणतो, कारण हा माणूस बोलतच नाही. दिवसाला चार शब्द. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. तो ती गाडी घेऊन निघाला, की पहिल्यांदा रस्त्यावरची कुत्री जिवाच्या आकांताने पळायची, कुत्री का पळतायत म्हणून माणसं पळायची, आणि मग मागून माझा आवाज! रस्त्यावर चिटपाखरू नाही! साहेबांनी वर कळवलं, 'घोषणेचा परिणाम अत्यंत समाधानकारक.' अर्धं श्रेय कुत्र्यांचं होतं, पण ते काही अहवालात आलं नाही.

आणि माझ्या घरी काय झालं ते विचारू नका! आमच्या घराखाली गाडी यायची अकराला आणि सहाला. मी जरा चपला सरकवाव्यात, बायकोला म्हणावं, 'कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो गं, पाय मोकळे करून,' की खालून मीच! 'अत्यावश्यक कामाशिवाय घराबाहेर पडू नये!' बायको म्हणायची, 'ऐका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पहिल्यांदा काहीतरी शहाण्यासारखं बोललात.' तिने ते मोबाइलवर उतरवूनच घेतलं. मी दाराकडे गेलो की लावायची. मुलीचा घरी बसून मोबाइलवर वर्ग चालायचा. एकदा तिच्या बाई विचारतात, 'मागे कोण एवढं ओरडतंय?' मुलगी म्हणाली, 'बाबा.' 'त्यांना सांग, जरा हळू.' 'बाई, ते इथे माझ्या शेजारी गप्प बसलेत, रस्त्यावरचे बाबा ओरडतायत.' बाईंनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

हसू नका. म्हणजे हसा, पण ते दिवस काही हसण्यासारखे नव्हते. आमच्याच खात्यातला शिडीवाला, खांबावर चढून दिवे बदलायचा, माझ्या समोरच्या बाकावर बसून डबा खायचा, तो गेला. सोमवारी तापला, पुढच्या सोमवारी गेला. कुणाला पोचवायलाही जाता आलं नाही. त्याच्या घराखालून दोन वेळा माझी गाडी जात होती, 'घाबरून जाऊ नये' म्हणत. नंतर त्याची बायको भेटली. मी नजर चुकवायला लागलो, तर म्हणाली, 'ते आत तापात पडलेले असायचे, तुमचा आवाज आला की म्हणायचे, बघ, आमचा माणूस बोलतोय.'  

असो. तर आई. आई माझी राहते नदीपलीकडे, एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, एकटी. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणते, 'तुमच्याकडे पातेली कुठे ठेवतात तेच मला कळत नाही.' संपला विषय! तिच्या गल्लीत गाडी जायची दहाला आणि पाचला. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख लागलेली, ती साथीमुळे पुढे गेली. सामान आणून द्यायला गल्लीतला किराणावाला, टोपलीला दोरी बांधून वर घ्यायची. मी आपला रविवारच्या रविवारी फोन करायचो. 'आई, बाहेर पडू नकोस हं.' 'नाही रे. तो गाडीवरचा सांगून गेलाय ना.' 'आई, तो मीच!' 'तू? हॅट! तो किती स्वच्छ बोलतो. तू तर फोनवर असा पुटपुटतोस, जसा काही तोंडात ब्रश धरलायस.' आता काय करावं? शेहेचाळीस वर्षांत या बाईने माझं एक ऐकलं नाही. स्वेटर घाल म्हटलं तर काढून ठेवणार, औषध घे म्हटलं तर कुंडीत ओतणार, आणि त्या कर्ण्याचं अक्षर न् अक्षर पाळायची!

मग सुरू झालं ते टप्प्याटप्प्याने उघडणं. तुम्हाला सांगतो, बंद करणं सोपं होतं हो, एक कागद. उघडायला रोज नवा कागद! साहेबांनी आदेश काढला, सम तारखेला रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकानं उघडतील, विषम तारखेला उजव्या बाजूची. छान! मी ब्लँकेटखाली गेलो, बोललो, बाहेर आलो. साहेब म्हणाले, 'आज तुम्हीही गाडीबरोबर जा, प्रतिसाद कसा आहे बघा.' गेलो. एका गल्लीत शिरलो, डावीकडे घड्याळ दुरुस्तीवाला, उजवीकडे चपलांचं दुकान. कर्णा बोलला, 'आज डाव्या बाजूची दुकाने.' घड्याळवाल्याने शटर वर केलं, डोळ्यांत पाणी त्याच्या, अडीच महिन्यांनी दुकान उघडत होता. गल्ली पुढे भिंतीला अडते. सायलेन्सरने गाडी वळवली. परत निघालो, कर्णा चालूच! 'आज डाव्या बाजूची दुकाने!' आता डावीकडे कोण? चपलावाला! त्याने शटर वर केलं. घड्याळवाला धावत बाहेर, 'ए, आज माझा दिवस!' चपलावाला, 'गाडीने आत्ता सांगितलं, आत्ता!' 'आधी मला सांगितलं!' 'मग आता मला सांगितलं!' दोघं आले गाडीपाशी, माझी काच ठोठावतायत, 'डावी कुणाची? तुमची डावी की आमची डावी?' मी म्हटलं, 'अहो, आवाज माझा आहे, आदेश माझा नाही!' चपलावाला म्हणाला, 'मग आवाज तरी एका बाजूने काढा!'

साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचार केला, संध्याकाळी खुलासा आला. 'डावी बाजू म्हणजे नदीकडे तोंड करून उभे राहिल्यास जी डावी ती.' आता आमची नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते! दुसऱ्या दिवशी चौकाचौकात दुकानदार उभे, कुणी इकडे तोंड करून, कुणी तिकडे, हात पसरून, 'नदी कुठाय? नदी कुठाय?' शेवटी लोकांनी आपापसात ठरवून टाकलं, घड्याळवाला सकाळी, चपलावाला दुपारी, आणि आम्हाला काही सांगितलं नाही. साहेबांनी वर कळवलं, 'योजना सुरळीत.'

आणि एके दिवशी सगळंच उघडलं. एकदम! बागा, बस, केस कापायची दुकानं, सगळं! मी आपला सकाळी ब्लँकेट घेऊन तयार. म्हटलं, बंद आहे बंद आहे म्हणून इतके दिवस शिव्या खाल्ल्या, आता उघडलंय म्हणून एकदा सांगू, लोक आशीर्वाद तरी देतील. साहेबांकडे गेलो, 'साहेब, आजचा मजकूर?' साहेब म्हणाले, 'कसला मजकूर?' 'उघडल्याचा!' साहेब हसले. 'अहो, बंद आहे हे सांगावं लागतं. उघडलंय हे सांगायला गाडी कशाला? ते लोकांना बरोबर कळतं.' गाडी परत कुत्र्यांकडे. कर्णा काढायचा राहिला, तेवढाच. ब्लँकेट भांडारात जमा.

आणि खरंच की, कळलं लोकांना! दुपारपर्यंत रस्ते तुडुंब. सगळ्यांना कळलं. एका माणसाला सोडून.

आईला फोन केला, 'आई, उघडलं सगळं!' 'असं?' 'मग बाहेर पड ना जरा, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये.' 'आदेश कुठे झालाय अजून?' 'अगं, झाला!' 'गाडी नाही आली. गाडीवरचा म्हणाला होता, पुढील आदेश होईपर्यंत. पुढचा आदेश सांगायला तोच येईल ना?' मला वाटलं, गंमत करतेय. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे! गल्लीतली पोरं खाली खेळायला लागली, किराणावाला म्हणाला, 'आजी, या ना खाली,' तरी ही आपली टोपलीच सोडतेय.

मग दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशनची तारीख. येत्या गुरुवारी सकाळी नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'तुंबलेली यादी केवढी आहे माहितीये? ही तारीख चुकली तर सहा महिने थांबावं लागेल, आणि तोवर डोळा कितपत साथ देईल सांगता येत नाही.' मी तडक आईकडे गेलो. तिने दार उघडलं, साखळी लावूनच. त्या फटीतून हात दिसला. बोटांना पट्टी. 'हे काय?' 'काही नाही रे. शेगडी पेटलीय की नाही ते दिसेना, म्हणून हात लावून बघितला.'

तुम्हाला सांगतो, मी त्या फटीतूनच तिचा हात धरून ठेवला.

म्हटलं, 'आई, गुरुवारी दवाखान्यात जायचंय.' 'आदेश...' 'आई! मी सांगतोय ना! मी पालिकेचा माणूस सांगतोय!' तर फटीतून म्हणते कशी, 'तू काय सांगतोस! पाचवीत असतानासुद्धा सांगितलं होतंस, शाळेला सुट्टी आहे म्हणून. मागून मास्तर घरी आले होते.' पस्तीस वर्षं लक्षात ठेवलं हो! समोरचं दिसत नाही, पण ते दिसतंय!

आता मी काय करणार? साहेबांकडे गेलो. 'साहेब, एका गल्लीपुरती गाडी पाहिजे, पाच मिनिटं.' साहेब म्हणाले, 'वाहन श्वान विभागाकडे वर्ग झालंय. त्यांच्याकडे अर्ज द्या, ते आमचा अभिप्राय मागवतील, आम्ही तुमच्या खात्याचं म्हणणं मागवू.' 'साहेब, माझ्या खात्याचं म्हणणं म्हणजे मीच!' 'मग तर लवकर होईल. पंधरा दिवस.' गुरुवार परवावर आलेला!

खाली आलो. सायलेन्सर गाडी पुसत होता. त्याला सगळं सांगितलं, आई, डोळे, बोटं, सगळं. त्याने ऐकून घेतलं. फडकं पिळलं, वाळत टाकलं, गाडीचं दार लावलं आणि म्हणाला, 'उद्या.' दिवसातल्या चार शब्दांतला एक माझ्यावर खर्च केला त्याने!

दुसऱ्या दिवशी बुधवार, सकाळी बरोबर दहा. गाडी आईच्या गल्लीत शिरली. गल्ली अशी भरलेली, भाजीची गाडी, शाळेत निघालेली पोरं, इस्त्रीवाला, दुधाच्या पिशव्या, सायकली, कुणाचं तरी रेडिओवरचं गाणं. मी कर्ण्याचा माइक हातात घेतला. आता ब्लँकेट नाही, कागद नाही, समोरासमोर! घसा खाकरला आणि सुरू केलं, 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की...'

संपलं! पुढचं कुणी ऐकलंच नाही हो! कुत्री पळाली. पोरं पळाली. इस्त्रीवाल्याने कुणाच्या तरी पॅंटवर इस्त्री तशीच ठेवून दार लावलं. खाड खाड खाड शटरं खाली! भाजीवाल्याने टोमॅटोवर ताडपत्री ओढली आणि गाडी ढकलत निघाला. मी ओरडतोय, 'अहो, थांबा! उघडलंय! सगळं उघडलंय! बाहेर या!' पण माझा आवाजच तसला, मी 'बाहेर या' म्हटलं तरी लोकांना 'आत जा'च ऐकू येतं! दोन मिनिटांत गल्ली रिकामी. जळक्या कापडाचा वास तेवढा राहिला. आणि वर दुसऱ्या मजल्यावर आई गॅलरीत आली, कठडा चाचपत, कान लावून ऐकलं, सगळीकडे शांत, आणि खाली बघून मोठ्यांदा म्हणाली, 'बघ! बंदच आहे!'

मी माइक ठेवला. गाडीतच बसून राहिलो. सायलेन्सरने माझ्याकडे बघितलं, पाण्याची बाटली पुढे केली. मग मी वर गेलो. आईने या वेळी साखळी न लावता दार उघडलं आणि आल्या आल्या म्हणाली, 'आत ये. फार ओरडावं लागलं का रे?'

मी म्हटलं, 'म्हणजे तुला माहीत होतं? तो मीच?'

'पहिल्या दिवसापासून. पोटच्या पोराचा आवाज ओळखायला डोळे लागत नाहीत.'

'मग हे सगळं काय चाललंय, आई? लोक मला शिव्या देतात, तू आतून कडी लावून बसतेस... आवाज माझा होता गं, आदेश माझा नव्हता!'

म्हणाली, 'आदेशाला कोण विचारतंय? माझ्याकडे आवाज यायचा. दहाला यायचा, पाचला यायचा. मी नीट बसायचे ऐकायला. पुढे तू रोज नवं सांगायला लागलास, त्यात आवाज थोडा बसला असला की कळायचं, काल पंखा लावून झोपलास. शहर उघडलं तसा बंद झाला. तू रविवारी फोन करतोस, तो पण बायको आठवण करते तेव्हा. मी म्हटलं, मी जर बाहेर पडले नाही, तर मला बाहेर काढायला का होईना, गाडी येईल.'

आता तुम्हीच सांगा. बावीस वर्षं मी लोकांना गप्प करतो. मला कुणी गप्प केलं नव्हतं. मी आपला तिच्या पट्टीची गाठ सोडून परत बांधली. नीटच बांधलेली होती. तरी.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, 'उद्या किती वाजता?' 'साडेआठला निघू.' 'त्याच गाडीतून?' 'अगं, ती कुत्र्यांची गाडी आहे, रिक्षा करू.' 'तीच आण.' तीच आणली! गुरुवारी साडेआठला सायलेन्सर हजर, पुढची सीट पुसून. आई बसली, पदर सारखा केला, आणि विचारलं, 'ते बोलायचं कुठे असतं?' मी माइक हातात दिला. उलटा धरला तिने, सायलेन्सरने सरळ करून दिला. गल्ली कालपासून बंदच होती हो, लोक खिडक्यांच्या फटीतून बघत होते. आणि आई म्हणाली, 'अरे, या बाहेर! काही झालेलं नाही! मी डोळे करायला चाललेय, माझ्या पोराच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका!' खाड खाड खाड, सगळी शटरं वर! पोरं बाहेर, भाजीची गाडी बाहेर, इस्त्रीवाला हसतोय, लोक टाळ्या वाजवतायत! म्हणजे बघा, मी अडीच महिने आणि पालिकेचं पेट्रोल घालवून जे मिळवलं ते हिने चार वाक्यांत उलटवलं.

माझं काय झालं? नोटीस आली. 'आपण दिनांक अमुक रोजी कार्यालयाची परवानगी न घेता स्वतःच्या आवाजाचा वापर केला, याचा लेखी खुलासा करावा.' स्वतःच्या आवाजाचा! मी घरीसुद्धा हळू बोलायला लागलो. बायको म्हणते, घर कसं छान झालंय.

ऑपरेशन उत्तम झालं. एका डोळ्याचं आता, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. दुसऱ्याच दिवशी डोळ्यावरची पट्टी काढायला मीच घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, थेंब घातले, आईने डोळा मिचकावला, भिंतीवरची अक्षरं धडाधड वाचली, अगदी खालची ओळसुद्धा. डॉक्टरीणबाई खूश! मी तर रजेचा अर्ज खिशात घेऊनच गेलो होतो, म्हटलं आता रोज संध्याकाळी आईकडे यायचं, समोर बसायचं, गप्पा मारायच्या, फोनबिन काही नाही. तसं तिला सांगितलंही. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, 'तोंडावरचं ते काढ बघू.'

मी मास्क काढला.

बघत राहिली. बराच वेळ बघितलं हो, इकडून, तिकडून, केसांकडे, गालांकडे, डोळ्यांखाली. मलाही जरा भरून आलं. मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, 'घाल परत. आणि एवढे जिने चढून रोज येत जाऊ नकोस रे. फोनच करत जा. आवाजावरून तू पस्तिशीचा वाटतोस.'